राजा धर्मशील केव्हां ठरतो? नाबोथाच्या मळ्याची साक्ष

गेल्या महिन्यांत आमच्या गांवच्या जत्रेच्या निमित्तानें बाहेरगांवचे एक विद्वान गृहस्थ व्याख्यानास आले होते. विषय होता राजधर्म. गृहस्थ बोलके, आवाज खणखणीत. दीड तास त्यांनीं जें सांगितलें त्याचें सार इतकेंच, कीं जगांतील एकूणएक प्राचीन धर्मग्रंथ राजाला ईश्वरानें नेमलेला मानतात. राजा करील तो न्याय. आणि रयतेचें पुण्य आज्ञापालनांत आहे. पुरावा म्हणून त्यांनीं यहुदी लोकांच्या जुन्या शास्त्राचें नांव घेतलें. त्या शास्त्रांत राजाला तेलाचा अभिषेक होतो, त्याला देवाचा अभिषिक्त म्हणतात, आणि शलमोन राजानें सोन्यानें मढविलेलें मंदिर बांधलें म्हणून त्याचें राज्य आदर्श, असें ते म्हणाले. लोकांनीं टाळ्या दिल्या. आमच्या शेजारीं बसलेल्या एका कुंभारदादांनीं मात्र हळूच विचारलें, "मास्तर, त्या मंदिराचे दगड कोणीं वाहिले, हें त्या पुस्तकांत लिहिलें आहे काय?"

लिहिलें आहे. आंकड्यांसह लिहिलें आहे. म्हणूनच हा लेख.

आम्ही यहुदी नव्हे आणि ख्रिस्तीही नव्हे. परंतु ज्या ग्रंथाची साक्ष भरसभेंत काढली जाते तो उघडून पाहावा, हें शाळामास्तराचें कामच आहे. ग्रंथ मराठींत मिळतो. पंडिता रमाबाईंनीं मूळ इब्री व ग्रीक भाषांवरून तो मराठींत आणण्यासाठीं आयुष्याचीं अखेरचीं वर्षें वेंचलीं. १९२२ सालीं त्या वारल्या. शिवाय हें शास्त्र मानणारे लोक महाराष्ट्राला परके नाहींत. कुलाबा जिल्ह्यांत, म्हणजे आजच्या रायगडांत, बेने इस्राएल लोक पिढ्यान्‌पिढ्या तेलाचा घाणा चालवीत. शनिवारीं घाणा बंद, म्हणून शेजारीपाजारी त्यांना शनवार तेली म्हणत. त्या शास्त्रांत आठवड्याच्या विसाव्याची आज्ञा आहे, आणि ती घरधन्यापुरती नाहीं. गडी, मोलकरीण आणि बैल यांचीं नांवें घेऊन ती सांगितली आहे. ज्या शास्त्रानें जुंवाखालच्या बैलाची आठवण ठेविली, त्यानें राजापुढें रयतेला विसरावें, हें संभवतें काय? वाचकहो, आपणच पाहूं.

पहिली गोष्ट ही, कीं इस्राएल लोकांना आरंभीं राजाच नव्हता. संकट आलें कीं कोणी पुढारी उभा राही. अशांपैकीं गिदोन नांवाच्या पुढाऱ्यानें लुटारूंना हांकलून दिलें, तेव्हां लोक त्याला व त्याच्या वंशाला राज्य देऊं लागले. त्यानें तें साफ नाकारलें. लागलीच पुढें झाडांची एक गोष्ट येते. झाडें आपल्यावर एक राजा नेमावयास निघालीं. जैतुनाच्या झाडाला विचारलें. तें म्हणालें, माझें तेल टाकून मी तुमच्यावर डुलत बसूं काय? अंजिरानें व द्राक्षवेलीनेंही तसेंच उत्तर दिलें. शेवटीं एक काटेरी झुडूप कबूल झालें, आणि कबूल होतांच धमकी देऊं लागलें, कीं माझ्या सावलींत या, नाहींतर माझ्यांतून आग निघेल. ज्याच्यापाशीं फळ नाहीं आणि सावलीही नाहीं, तेंच राज्याला हपापलेलें! बांधावर उभें राहून झाडें पाहणाऱ्या शेतकऱ्याला याचा अर्थ निराळा सांगावयास नको.

पुढें शमुवेल नांवाचा न्यायनिवाडा करणारा पुरुष म्हातारा झाला. त्याचे मुलगे लांच खाऊं लागले. तेव्हां लोकांनीं मागणी केली, कीं इतर राष्ट्रांना आहे तसा आम्हांलाही राजा पाहिजे. शमुवेलानें त्यांना, राजा केला तर तो काय काय करील, याची यादी ऐकविली. तो तुमचे मुलगे घेईल व आपल्या रथांपुढें धांवावयास लावील. त्यांच्याकडून आपली नांगरणी, कापणी आणि हत्यारें करवून घेईल. तुमच्या मुलींना अत्तरें काढावयास, रांधावयास, भाकऱ्या भाजावयास नेईल. तुमचीं उत्तम शेतें, द्राक्षमळे, जैतुनाच्या बागा काढून आपल्या हुजऱ्यांना देईल. धान्याचा दहावा हिस्सा, कळपाचा दहावा हिस्सा घेईल. तुमचे गडी आणि तुमचीं गाढवेंही त्याच्या कामाला लागतील. अखेरीस तुम्ही त्याचे दास व्हाल आणि ओरडाल, पण त्या दिवशीं देव ऐकणार नाहीं.

या यादीला मूळ इब्री भाषेंत जें नांव दिलें आहे तें "राजाचा मिशपाट". मिशपाट म्हणजे न्याय. त्याच शब्दाचा अर्थ रीत किंवा हक्क असाही होतो. पाहा कशी कोपरखळी आहे! नांव न्यायाचें, आणि खालीं पानभर नुसतें घेणें. त्याच शमुवेलानें निरोपाच्या वेळीं काय केलें तेंही वाचावें. तो भरसभेंत उभा राहिला आणि स्वतःची झडती देऊं लागला. मी कोणाचा बैल घेतला? कोणाचें गाढव घेतलें? कोणाला फसविलें, कोणाला गांजलें, कोणाच्या हातून लांच घेऊन डोळेझांक केली? असेल तर सांगा, परत करतों. लोकांनीं साक्ष दिली, कीं तूं कोणाचें कांहीं घेतलें नाहींस. राज्यकर्त्याची परीक्षा या शास्त्रांत येथून सुरू होते. त्यानें काय बांधलें हा प्रश्न मागाहूनचा. कोणाच्या दावणीचा बैल त्यानें सोडून नेला, हा पहिला.

आतां आमच्या व्याख्यातेमहाशयांसारखे पंडित पूर्वींही झाले. स्कॉटलंडचा राजा जेम्स, जो १६०३ सालीं इंग्लंडच्याही गादीवर बसला, त्यानें १५९८ सालीं राजाच्या अधिकारांवर एक पुस्तक लिहिलें. शमुवेलाची हीच यादी पुढें करून तो म्हणाला, कीं राजा असें वागला तरी रयतेनें तें मुकाट्यानें सोसावें, हाच यांतला उपदेश आहे. दरोडेखोर येणार आहे, असें कोणी ओरडून सांगितलें, तर त्याचा अर्थ दरोडेखोराला दार उघडून द्या असा करावयाचा, तशांतलाच हा प्रकार! याच्या उलट थॉमस पेन यानें १७७६ सालीं अमेरिकेंत पुस्तक काढलें आणि गिदोन व शमुवेल या दोघांची साक्ष काढून वंशपरंपरेच्या राजेशाहीवर घाव घातला. याच पेनचें मानवी हक्कांवरील दुसरें पुस्तक जोतीराव फुल्यांनीं तरुणपणीं वाचलें होतें. एकाच पानावरून राजानें एक अर्थ काढला, आणि कारागिराच्या पोटीं जन्मलेल्या पेननें दुसरा. पेनचा बाप कांचोळ्या, म्हणजे बायकांच्या अंगांत घालावयाच्या ताठ चोळ्या, करणारा कारागीर होता. पान कोणाच्या बाजूचें आहे, हें यादी वाचून ज्याचें त्यानें ठरवावें.

तरी राजे झालेच. मग त्यांना नियम काय? तो अनुवाद नांवाच्या ग्रंथांत लिहिला आहे. राजानें पुष्कळ घोडे बाळगूं नयेत. पुष्कळ बायका करूं नयेत. सोनेंरुपें फार सांठवूं नये. आणि गादीवर बसल्यावर नियमशास्त्राची एक नक्कल लिहून घ्यावी, ती जवळ ठेवावी, जन्मभर वाचावी. कशासाठीं, तर आपल्या भावांहून आपण उंच आहों असें त्याच्या मनांत येऊं नये म्हणून. रयत ही राजाची भाऊ! लेंकरूंही नव्हे, कारण लेंकराला बाप दटावूं शकतो. भावाला बरोबरीचा वांटा द्यावा लागतो.

येथें एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. बाबिलोनचा हम्मुराबी राजा इ. स. पूर्व १८ व्या शतकांत होऊन गेला. त्यानेंही आपल्या कायद्यांच्या शिळेवर कोरविलें आहे, कीं विधवेला व पोरक्याला न्याय मिळावा म्हणून मीं हे कायदे केले. ती शिळा आज पॅरिसच्या संग्रहालयांत आहे. दुबळ्यांचा कैवार घेण्याची भाषा म्हणजे कांहीं यहुद्यांचाच मक्ता नव्हे. फरक कोठें आहे? बाबिलोनांत कायदा राजाच्या नांवाचा आणि स्तुतीही राजानें स्वतःच कोरविलेली. इब्री शास्त्रांत नियम राजे होण्यापूर्वींचे मानलेले आहेत. राजा नियम करणारा नाहीं, तो नियम वाचणारा आहे. शाळेंत पोरानें धडा वाचावा तसा त्यानें रोज वाचावयाचा! आणि त्याला गुण देणारा दुसराच.

आतां शलमोनाकडे येऊं. तो शहाणा होता, हें शास्त्रही सांगतें. दोन बायका एका तान्ह्या मुलावरून भांडत आल्या, तेव्हां खरी आई कोण हें त्यानें युक्तीनें शोधून काढलें. त्या दोघी वेश्या होत्या. गांवानें ओंवाळून टाकलेल्या बाईला राजाच्या चावडींत उभें राहून न्याय मागतां आला, ही त्याच्या राज्यांतली खरी मोठी गोष्ट होय. परंतु व्याख्यात्यांनीं तिचें नांवही काढलें नाहीं. त्यांना सोन्याचें मंदिर दिसलें. मग त्या मंदिराचा हिशेब ऐका. तीस हजार माणसें वेठीला धरलीं. दहा-दहा हजारांच्या पाळ्या लाविल्या. एक महिना लबानोनच्या जंगलांत लांकूडतोड आणि दोन महिने घर. सत्तर हजार ओझीं वाहणारे, ऐंशी हजार डोंगरांत दगड फोडणारे, त्यांच्यावर तीन हजार तीनशें मुकादम. मंदिराला ७ वर्षें लागलीं आणि राजाच्या स्वतःच्या वाड्याला १३. राजाच्या मुदपाकखान्यासाठीं देशाचे बारा भाग केले. प्रत्येकानें वर्षांतून एक महिना राजाचें घर पोसावयाचें. घोडेस्वार बारा हजार, रथ चौदाशें, राण्या सातशें. पैसे पुरले नाहींत तेव्हां गालीलांतलीं वीस गांवें सोर शहराच्या राजाला देऊन टाकलीं. गांवांतल्या लोकांना कोणीं विचारल्याचें लिहिलेलें नाहीं.

हे आंकडे फुगविलेले असतील. जुन्या बखरी आंकडे फुगवितातच. परंतु घोडे, बायका आणि सोनें या तीन गोष्टी फार करूं नयेत म्हणून नियम सांगतो, आणि शलमोनाच्या गोष्टींत नेमक्या याच तीन गोष्टी मोजून दाखविल्या आहेत. ही स्तुति आहे कीं आरोपपत्र?

एका ठिकाणीं असेंही लिहिलें आहे, कीं इस्राएल लोकांना राजानें दास केलें नाहीं, वेठ फक्त परक्यांवर होती. परक्यावर लादलेली वेठ ती वेठ नव्हे काय, हा प्रश्न बाजूला ठेवूं. शलमोन मेल्यावर काय झालें तें पाहिलें म्हणजे खरें काय तें कळतें. त्याचा मुलगा रहबाम गादीवर बसावयास शखेमास गेला. लोक त्याला म्हणाले, तुझ्या बापानें आमच्यावर भारी जूं घातलें, तें हलकें कर, म्हणजे आम्ही तुझी चाकरी करूं. त्यानें तीन दिवसांची मुदत घेतली. म्हातारे म्हणाले, आज तूं या लोकांचा चाकर हो, म्हणजे ते जन्माचे तुझे होतील. बरोबरीच्या पोरांनीं उलट सल्ला दिला. त्यानें पोरांचें ऐकलें आणि लोकांना सांगितलें, बाप आसुडांनीं मारीत होता, मी विंचवांनीं मारीन. इ. स. पूर्व ९३० च्या सुमाराची ही गोष्ट. बारांपैकीं दहा कुळें त्याच दिवशीं फुटलीं. राजानें वेठीवरचा मुख्य अंमलदार त्यांच्याकडे पाठविला, त्याला लोकांनीं दगडांनीं ठार केलें. ज्या राज्याला व्याख्याते आदर्श म्हणतात, तें बापाच्या मागें एक पिढीही अखंड टिकलें नाहीं. कुंभारदादा, दगड कोणीं वाहिले याचें उत्तर तुम्हांला मिळालें. ज्यांनीं वाहिले, त्यांनींच शेवटीं ते उचलले.

आतां नाबोथाचा मळा. आमच्या मतें राजधर्माचा सगळा निवाडा या एका मळ्यांत आहे.

उत्तरेकडील राज्याचा राजा अहाब. इ. स. पूर्व नववें शतक. इज्रेल गांवीं त्याच्या वाड्याला लागून नाबोथ नांवाच्या एका गृहस्थाचा द्राक्षमळा होता. राजाला तेथें भाजीपाला लावावयाचा होता. तो म्हणाला, तुझा मळा मला दे, मी याहून चांगला देतों, नाहींतर रोख किंमत घे. वरवर पाहतां व्यवहार चोख दिसतो. पण नाबोथ म्हणाला, ही माझ्या वाडवडिलांची जमीन, ती मी देणार नाहीं. या नकारामागें नुसता हट्ट नव्हता, नियम होता. त्या शास्त्रांत जमीन कायमची विकतां येत नाहीं. जमीन देवाची, माणूस तिच्यावर कूळ. आणि पन्नासाव्या वर्षीं विकलेली जमीन मूळ घराण्याकडे परत यावी असें लिहिलें आहे. म्हणजे त्या मळ्याच्या बांधावर राजा नियमाच्या विरुद्ध उभा होता, आणि नाबोथ नियमाला धरून उभा होता.

राजा घरीं जाऊन भिंतीकडे तोंड करून निजला, जेवेना. राणी ईजबेल म्हणाली, राज्य तुम्हीच करतां ना? उठा, मळा मी मिळवून देतें. तिनें राजाच्या नांवानें पत्रें लिहिलीं, राजाची मोहोर केली आणि गांवच्या पंचांना पाठविलीं. उपास जाहीर करा. नाबोथाला लोकांपुढें मानानें बसवा. दोन हलकट माणसें उभीं करा. त्यांनीं साक्ष द्यावी, कीं यानें देवाला व राजाला शिव्या दिल्या. पंचांनीं अगदीं तसेंच केलें. नाबोथाला गांवाबाहेर नेऊन दगडांनीं मारलें. राजा मळ्याचा ताबा घ्यावयास गेला.

शेतकरी बंधूंनो, या गोष्टींत कोणता कागद कच्चा होता? नियमाप्रमाणें दोन साक्षीदार पाहिजेत, ते दोन होते. आरोप होता. पंच होते. उपासही होता, म्हणजे धर्मकृत्यही झालें. मोहोर खरी होती. सगळें कायदेशीर! आणि तरी तो सरळ सरळ खून व दरोडा होता, असें त्या शास्त्राचें म्हणणें आहे. एलीया नांवाचा संदेष्टा त्या मळ्यांतच राजाला गांठून विचारतो, कीं खून करून वर मालकही झालास काय? पत्र कोणीं लिहिलें, साक्ष कोणीं दिली, याची चौकशी तो करीत बसत नाहीं. मोहोर ज्याची, पाप त्याचें. "मला ठाऊक नव्हतें, खालच्या लोकांनीं केलें," ही सबब त्या मळ्यांत चालली नाहीं.

कोणी म्हणेल, राजांच्या बखरींत राजांना बरेंवाईट ठरविण्याचें माप वेगळेंच आहे. टेकड्यांवरचीं पूजास्थानें मोडलीं कीं नाहीं, सोन्याच्या वासरांची पूजा केली कीं नाहीं, हेंच तेथें पुन्हापुन्हा विचारलें आहे. हा आक्षेप खरा आहे, आम्ही तो झांकीत नाहीं. अहाबाचा बाप अम्री हा इतका बलाढ्य राजा होता, कीं अश्शूरचे लोक त्या राज्याला पुढें पुष्कळ वर्षें अम्रीचें घराणें म्हणत. पण बखरकारानें पूजेच्या कारणासाठीं त्याला चार ओळींत वाटेस लाविलें. परंतु त्याच बखरींत अहाबानें परक्या देवाची वेदी बांधली, त्या वेळीं त्याच्या वंशाचा नाश सांगितलेला नाहीं. तो सांगितला नाबोथाच्या मळ्यांत. पुढें येहू सरदारानें अहाबाचा मुलगा मारला, तेव्हां प्रेत नाबोथाच्याच शेतांत टाकविलें. आणि त्या येहूनें इज्रेल गांवीं जो रक्तपात केला, त्याचा जाब होशेय नांवाच्या संदेष्ट्यानें येहूच्या घराण्याला पुन्हा विचारला. म्हणजे दुष्ट राजाला मारणारालाही येथें सुटका नाहीं.

दुसरा आक्षेप अभिषेकाचा. दावीदानें शौल राजावर हात टाकला नाहीं, कारण तो अभिषिक्त होता, हें खरें. गुहेंत शौल हातीं सांपडला असतां दावीदानें त्याच्या झग्याचा फक्त कांठ कापला. पण नंतर बाहेर येऊन त्यानें शौलाला हांक मारून अन्यायाचा जाब विचारला, हें व्याख्याते कां सांगत नाहींत? अभिषेकानें राजाच्या देहाला अभय मिळालें. त्याच्या करणीला मिळालें नाहीं. पुढें दावीद स्वतः राजा झाला, उरीया नांवाच्या शिपायाची बायको त्यानें घरांत घेतली आणि उरीयाला लढाईच्या तोंडीं देऊन मारविलें. तेव्हां नाथान संदेष्टा त्याच्याकडे आला आणि एका गरिबाच्या एकुलत्या कोंकरूची गोष्ट सांगूं लागला; घरीं कळप असतां सावकारानें पाहुण्यासाठीं तें कोंकरू कापलें. दावीद संतापला, म्हणाला, असा माणूस मरणास योग्य. नाथान म्हणाला, तो माणूस तूंच. दावीदानें नाथानाचें डोकें उडविलें नाहीं. पाप कबूल केलें. दावीद निष्पाप होता म्हणून थोर नव्हे. तोंडावर सत्य सांगणारा माणूस त्याच्यापुढून जिवंत परत गेला, म्हणून थोर. आणि अभिषेकाचेंच म्हणाल, तर इराणचा राजा कोरेश, जो यहुदी धर्माचा नव्हता, त्यालाही त्या शास्त्रांत अभिषिक्त म्हटलें आहे. तेल म्हणजे नेमणूक. कामाचा दाखला निराळा घ्यावा लागतो.

आतां दोन राजे शेजारीं शेजारीं ठेवून पाहूं. योशीया आठव्या वर्षीं यरुशलेमेंत गादीवर बसला, ३१ वर्षें राज्य केलें आणि इ. स. पूर्व ६०९ मध्यें मगिद्दोपाशीं मिसरी राजाच्या हातून मारला गेला. त्याचा मुलगा यहोयाकीम. याला मिसरच्या राजानें गादीवर बसविलें, आणि त्याची खंडणी भरण्यासाठीं यानें देशावर पट्टी बसविली. अशा दिवसांत या राजानें स्वतःसाठीं वाडा बांधावयास घेतला; ऐसपैस माड्या, मोठ्या खिडक्या, गंधसरूच्या फळ्या, वर तांबडा रंग. आणि काम करणारांना मजुरी दिली नाहीं.

यिर्मया संदेष्टा त्याला विचारतो, कीं गंधसरू जास्त लाविल्यानें तूं राजा होतोस काय? तुझा बाप खातपीत नव्हता काय? पण तो गरिबांचा न्याय करी, आणि त्याचें बरें चाललें. पुढें यिर्मया जें म्हणतो, तें या सगळ्या शास्त्राचें सार आहे. गरिबांचा व लाचारांचा न्याय करणें, हेंच देवाला ओळखणें होय. देव ओळखण्याची दुसरी खूण तो तेथें सांगत नाहीं. पाथरवटाची, सुताराची, रंगाऱ्याची मजुरी बुडाली, कीं राजाचा देवधर्म बुडाला!

यिर्मयाचे बोल गुंडाळीवर लिहून राजाला वाचून दाखविले. हिंवाळा होता, पुढें शेगडी पेटलेली होती. तीनचार रकाने वाचून झाले कीं राजा लेखणिकाच्या चाकूनें ते कापी आणि विस्तवांत टाकी. अशी सगळी गुंडाळी जाळली. यिर्मयानें आपल्या लेखकाकडून ती पुन्हा लिहविली, आणि तींत आणखी मजकूर घातला. दावीदाला नाथानाचें ऐकूं आलें. यहोयाकीमानें कान जाळले. राजाला पारखण्याच्या दोन खुणा आतां स्पष्ट झाल्या. एक त्याचा हात, कोणाचें घेतो तें. दुसरी त्याचे कान, कोणाचें ऐकतो तें.

लांब आयुष्य किंवा यश ही मात्र खूण नव्हे. मनश्शे राजानें ५५ वर्षें राज्य केलें, यरुशलेमच्या इतर कोणत्याही राजाहून अधिक. आणि त्यानें निरपराध्यांच्या रक्तानें शहर भरलें असें लिहिलें आहे. योशीया चाळिशीच्या आंत मेला. गादीवर फार दिवस टिकला म्हणजे देव प्रसन्न, हें गणित त्या शास्त्रांत बसत नाहीं.

हें सांगण्याचा अधिकार कोणाला होता? आमोस हा तकोवा गांवचा मेंढरें राखणारा आणि उंबराच्या जातीच्या झाडांची निगा करणारा माणूस. इ. स. पूर्व आठव्या शतकांत तो बेथेलच्या देवळांत जाऊन बोलूं लागला. गरिबाला जोड्याच्या किंमतीला विकतां. माप लहान आणि वजन मोठें करतां. गव्हांत भूस मिसळून विकतां. आणि वर सणवार साजरे करतां! तेथील पुजारी त्याला म्हणाला, येथून चालता हो, हें राजाचें देऊळ आहे. पुजाऱ्याच्या तोंडून खरें तें बाहेर पडलें. देऊळ राजाचें झालें, कीं देवाला तेथें बोलतां येत नाहीं; मग तो मेंढपाळाच्या तोंडानें बोलतो. आमोसानें सांगितलें, मी संदेष्टा नव्हे आणि संदेष्ट्याचा मुलगाही नव्हे.

शेवटचें उदाहरण सावकारीचें. नहेम्या हा राजा नव्हता, इराणच्या बादशहाचा सुभेदार होता, इ. स. पूर्व ४४५ त यरुशलेमास आला. लोक ओरडत आले, कीं दुष्काळांत आम्हीं शेतें, मळे, घरें गहाण टाकलीं. सरकारी पट्टी भरण्यासाठीं कर्ज काढलें. आतां पोरीबाळी दास्यांत चालल्या आहेत. सावकार परके नव्हते, त्यांच्याच जातीचे होते. नहेम्यानें सभा बोलाविली आणि आधीं स्वतःचा दोष कबूल केला, कीं मी व माझे भाऊबंदही कर्ज देत आहों, हें व्याज आपण सोडूं. मग त्यानें शेतें, मळे, घरें आणि व्याज परत देण्याच्या शपथा घेवविल्या. सुभेदाराचा भत्ता रयतेकडून घ्यावयाचा असे. बारा वर्षें त्यानें तो घेतला नाहीं, कारण लोकांवरचा बोजा जड होता.

त्या शास्त्रांत सर्व कांहीं सोन्यासारखें आहे असें आम्ही म्हणत नाहीं. इब्री दासाला सातव्या वर्षीं मोकळीक आणि परक्या दासाला जन्मभर दास्य, असा भेद तेथें आहे. लढायांचे क्रूर प्रसंग आहेत. परंतु ज्या ग्रंथानें आपल्याच सर्वांत लाडक्या राजाचें व्यभिचार-खुनाचें पाप लपविलें नाहीं, त्याला राजांचा भाट ठरविणें हा त्या ग्रंथावर अन्याय, आणि ऐकणारांची फसवणूक आहे. धर्म या अर्थीं त्या भाषेंत त्सेदाका असा शब्द आहे. पुढें यहुदी लोकांत त्याच शब्दाचा अर्थ गरिबाला द्यावयाचें तें, असा रूढ झाला. त्यांच्या लेखीं तें द्यावयाचें उपकार म्हणून नव्हे, देणें म्हणून.

शाळेंत आम्ही मुलांना हिशेब करून झाल्यावर ताळा पाहावयास लावतों. उत्तर सुबक अक्षरांत लिहिलें म्हणून बरोबर ठरत नाहीं. आज राजे गेले; राज्यकर्ते आहेत, आणि त्यांची स्तुति करणारेही आहेत. पुन्हा कोणी व्यासपीठावरून एखाद्या राज्याला धर्मराज्य म्हणूं लागला, तर वाचकहो, भिऊं नका, उभे राहा आणि त्या जुन्या शास्त्राचा ताळा लावा. दगड कोणीं वाहिले? मजुरी मिळाली काय? शेजाऱ्याचा मळा कोणाकडे गेला, आणि कोणत्या कागदानें? विधवेची दाद लागली काय? खरें बोलणारा माणूस घरीं सुखरूप पोंचला काय? याचीं उत्तरें व्यासपीठावर मिळणार नाहींत. तीं बांधावर मिळतात, घाण्यापाशीं आणि चाकापाशीं मिळतात. आणि तीं देण्याचा अधिकार तुमचा आहे.